मन्मथअप्पांची लहर

दर रविवारी सकाळी मन्मथअप्पा आमच्या दारात उभे राहायचे आणि गच्चीवरची पाण्याची टाकी रिकामी करा म्हणायचे. केजमध्ये तेव्हा नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं. भरलेली टाकी सोडून द्या, असं इथं दुश्मनालाही कुणी सांगत नाही.

"गुरुजी, पान्यात लहर जिरती," ते शांतपणे म्हणायचे. "अर्धी तरी करा."

ही लहर इंटरनेटची. अप्पांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. केजला ब्रॉडबँड नवं नवं आलं तेव्हा अप्पांनी ते दुकानातल्या फोनवर घेतलं. दुकान रस्त्याच्या पलीकडं, घर अलीकडं, आणि मधे आमची गच्ची. तीनदा त्यांनी रस्त्यावरून वायर ओढली, तीनदा उसाच्या ट्रॅक्टरनं ती कारखान्याच्या वाटेला लावली. मग अप्पांनी बिनवायरचं यंत्र स्वतःच बनवलं. एक जुना कॉम्प्युटर, पुण्याहून मागवलेलं कार्ड, आणि दुकानाच्या पत्र्यावर अँटेना म्हणून बायकोची पीठ चाळायची चाळणी.

इंटरनेट रस्ता ओलांडून घरात आलं, पण येताना पार दमून आलं. दुकानात पळायचं, घरात रांगायचं. "लहर अडकती हाय कुठंतरी," हे मग अप्पांचं पालुपद झालं. त्यांनी घरातलं लोखंडी कपाट हलवलं. यंत्राचं चॅनेल रोज बदलून वहीत टिपणं केली. कार्ड तापतं म्हणून त्याला पंखा लावला. मग कडुलिंबाच्या फांद्या छाटल्या. लिंब आमचा होता. शेवटी त्यांनी माझ्या बायकोला, ओल्या साड्या जरा जास्त पिळून वाळत घाला, अशी विनंती केली. त्या दिवशी घरात मीच पिळून निघालो.

एवढा स्पीड कशाला पाहिजे, हे मात्र ते सांगायचे नाहीत.

फांद्यांचं मी मनात धरलं होतं. एका रविवारी भांडायच्याच तयारीनं त्यांचा जिना चढलो.

अप्पांच्या बायको, शांताकाकू, कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या. त्यांचे गुडघे गेलेले, दोन वर्षांत त्या खाली उतरल्या नव्हत्या. पडद्यावर त्यांची मुलगी उमा, पुण्याच्या होस्टेलमधून. उमाला जन्मापासून ऐकू येत नाही हे मला माहीत होतं. पण म्हणजे फोनचा तिला काडीचा उपयोग नाही, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. मायलेकी हातांनी बोलायच्या, आपसांत ठरवलेल्या खुणांनी. उमाचा हात वर जायचा आणि पडद्यावर तसाच थिजायचा. मग एकदम खाली दिसायचा. मधलं बोलणं गेलेलं असायचं. काकू पडद्याजवळ सरकत होत्या. मागं अप्पा भिंतीला टेकून उभे होते.

मी खाली आलो आणि टाकीचा नळ सोडला. गल्लीतल्या बायकांनी घागरी भरून नेल्या. पुढचा आठवडा आम्ही पाणी मागून आणलं. फरक पडला का, असं अप्पांना विचारलं, तर त्यांनी नाही म्हणून मान हलवली. टाकीचा दोष नव्हता. लिंबाचा नव्हता, साड्यांचा तर नव्हताच.

महिनाभरानं त्यांनी यंत्राला हात लावणं सोडून दिलं. मला वाटलं, जमलं असेल. दुकानात गेलो तर ते एक रेडिओ उघडून बसले होते.

"न्हाई जमलं, गुरुजी," ते म्हणाले. "उमाच हळू बोलायलीय आता. हातानं एक खूण करती, थांबती. ती हिकडं पोचली की दुसरी."

म्हणजे काकूंना कळतं तर, असं मी म्हणालो.

"तिला कळतंच. मला कुठं येत व्हतं? जन्म रेडिओ दुरुस्त करण्यात गेला. दोघी काय बोलत्यात, कधी इचारलंच न्हाई." त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "आता उमा लई हळू करती, म्हनून पयल्यांदाच एक खूण कळली."

त्यांनी बोट मिशीवरून फिरवलं, मग चिमटीतला घास तोंडाशी नेला.

"मिशी म्हंजे मी. 'अप्पा जेवले का,' असं इचारती ती आईला." ते रेडिओकडं बघत राहिले. "लहानपनापासून इचारत असंल."