माजघरातला पंख

नाना कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी खुर्ची वाजवून बघत. बोटाच्या पेराने टक टक टक, आणि कान खाली. आवाज टणक आला तर बसायचे, पोकळ आला तर उभ्यानेच चहा घ्यायचे. फणस असा वाजवून घेतात हे मला ठाऊक होतं. पण नाना पाट वाजवत, पाळणा वाजवत, एसटीची बाकंसुद्धा वाजवत. माझ्या माहेरून आलेली खुर्ची वाजवून ते म्हणाले, "मागचा पाय सुटलाय." आमच्या ह्यांना राग आला. पुढे त्याच खुर्चीवरून मामेसासरे पडले, तेव्हाही ह्यांना राग नानांचाच आला.

नाना आमचे शेजारी. मधे फक्त दगडांचा गडगा. मुंबईला विमानं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. पंख जोडले, चाकं बसवली, पण उडत्या विमानात एकदाही बसले नाहीत. पेन्शन घेऊन रत्नागिरीला आले आणि मागोमाग एका ट्रकमधून लांबच लांब लाकडी पेट्या उतरल्या. अमेरिकेतल्या पुतण्याने आगबोटीने पाठवलेल्या. आत विमान होतं. म्हणजे पट्ट्या, फळ्या, तारा, सरसाचे डबे आणि नकाशे. ते आपलं आपण घरी जोडायचं.

माई, म्हणजे नानांची बायको, म्हणाल्या, "लोक म्हातारपणी काशीला जातात."

"हे झालं की ह्यातनंच जाऊ," नाना म्हणाले.

त्या वर्षी नाक्यावरच्या दुकानात रंगीत टीव्ही आला होता. लोक तो बघायला जायचे आणि येताना नानांचं विमान बघून यायचे. नाना कुणाला नुसतं बघू देत नसत. ते शिकवत. सुरुवात शेपटीपासून करावी, कारण पहिल्या चुका लहान वस्तूत झालेल्या बऱ्या. उरलेल्या सरसाचा एक थेंब फळीच्या तुकड्यावर ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी तो तुकडा मोडून बघावा. लाकूड तुटलं पाहिजे, सांधा सुटता कामा नये. आणि सगळ्यात मोठा नियम, "आधी सुकं, मग ओलं." म्हणजे सरस लावायच्या आधी तुकडे नुसते जुळवून बघायचे. हा नियम त्यांनी आमच्या नणंदेच्या लग्नाच्या बैठकीतही सांगितला. मुलाकडचे गोंधळले. आमचे सासरे नानांना हाताला धरून विहीर दाखवायला घेऊन गेले.

सरस वाळेपर्यंत सांधे दाबून ठेवायला क्लॅम्प लागतात, आणि ते कधीच पुरत नाहीत. म्हणून नानांनी वाडीतल्या घराघरांतून कपड्यांचे चिमटे नेले. मागून नेले, न मागताही नेले. नानांचं विमान उडायच्या आधी वाडीतली धोतरं उडाली. आमच्या सासऱ्यांचं एक नारळाच्या झावळीत जाऊन बसलं, ते काढायला पाडेली बोलवावा लागला.

आपलं काम आपण तपासायचं नाही, दुसरे डोळे हवेत, असंही ते म्हणत. मग जो येईल त्याला वाकायला लावायचे. मासे घेऊन येणाऱ्या जनाबाईला त्यांनी टोपली उतरवायला लावली आणि पंखाच्या फासळ्यांत डोकं घालून बघायला सांगितलं. ती बघून म्हणाली, "नाना, होडी उलटी का केलीव? सुलटी करा नि पाण्यात सोडा. कालवणाची तरी सोय होईल." नानांना राग आला नाही. त्यांनी तिला विचारलं, कुठे फट दिसली का?

मलाही बोलवायचे. पुढे पंखांवर कापड चढवायचं होतं आणि त्याची शिलाई मी करायची असं त्यांनी ठरवलं होतं. मला परक्या माणसांसमोर बोलायला सुधरत नाही, आणि नाना तर एका जागी उभे राहत नसत. बोलता बोलता पलीकडे जात, परत येत, जोडलेला तुकडा काढत, परत लावत. मी आपली मान हलवायची. पण ते कापडाला हात लावू द्यायचे तेव्हा बरं वाटे.

एक पंख उन्हाळ्यात आंब्याच्या शेडमध्ये झाला. दुसरा पावसात सापडला. शेडमध्ये ओल, पडवीत ओल, सरस वाळेना. घरात कोरडी आणि ऊबदार जागा एकच, स्वयंपाकघराला लागून असलेलं माजघर. नानांनी तिथे दुसरा पंख मांडला. माईंची निजायची जागा गेली. त्या चार दिवस देवासमोर अंग मुडपून झोपल्या आणि पाचव्या दिवशी पिशवी भरून देवरूखला लेकीकडे निघून गेल्या. नाना म्हणाले, येतील. आणि फासळ्या जोडत राहिले.

पंख सुरेख झाला. श्रावण सरत आला तेव्हा तो बाहेर काढायला नानांनी वाडीतले चार बाप्ये बोलावले. दार त्यांनी आधीच मोजलेलं होतं. उंची, रुंदी, सगळं. दारासमोरची भिंत मोजली नव्हती. माजघराबाहेर अरुंद पडवी, आणि पडवीला चिऱ्याची भिंत. पंख निम्मा बाहेर आला की भिंतीला टेके आणि वळायला जागाच उरत नसे. आडवा केला, उभा केला, तिरका केला. एकजण म्हणाला, "नाना, आधी सुकं करून बघायचं होतंत." कुणी हसलं नाही, कारण नाना खाली बसले होते. काम मधेच टाकून ते असे बसलेले आम्ही कधी पाहिले नव्हते.

गवंडी आला. म्हणाला, ह्या भिंतीवर छपराचा भार आहे, भर पावसात हात लावणार नाही. कौलं उतरवायचीही सोय नव्हती. आणि गणपती दोन दिवसांवर. नानांच्या घरी गणपती माजघरातच बसतो, तेही उत्तरेच्या कोनाड्यासमोर. ती जागा हलवत नाहीत. माईंनी एसटीच्या कंडक्टरकडून निरोप धाडला होता. गणपती जाग्यावर बसला तर मी राहीन. नाही तर विसर्जन झालं की परतीची गाडी धरीन.

त्या दिवशी नाना अंगणात, मागल्या दारी, परत अंगणात असे फिरत होते. हातात करवत. माई नसल्यामुळे माजघर सारवायला मी गेले होते. नानांनी खडू घेतला, पंखाच्या मधोमध एक सरळ रेघ मारली आणि मला म्हणाले, "सूनबाई, बघ गं, सरळ आहे ना?" सरळ होती. मी मान हलवली. मला पुढे सारवता येईना.

तेवढ्यात गडग्याच्या वाटेवर आडवी लावलेली बेड्याची काठी सरकली. माई एक दिवस आधीच आल्या होत्या. छत्री टेकवून त्या माजघराच्या दारात उभ्या राहिल्या. पंखाकडे बघितलं, करवतीकडे बघितलं.

"ही रेघ कसली?"

"इथनं कापणार."

"मग जोडता येईल?"

नानांनी करवतीच्या दात्यांवरून अंगठा फिरवला.

"मी विचारते आहे, अहो. मग उडेल?"

"नाही."

माई आत आल्या. पावसाने पदर ओला झालाच होता. त्याचं टोक बोटाला गुंडाळून त्यांनी ती रेघ पुसायला घेतली. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, बाळाचं तोंड पुसावं तशी, फासळीच्या खाचेतला खडूसुद्धा. मग वर तुळयांकडे बघत म्हणाल्या, "ह्याला आडवा टांगा गणपतीच्या वर. वर फळंफुलं टांगायला माटवीची वेगळी चौकट करायला नको. कवंडाळं, सुपाऱ्या, तेरडा, सगळं ह्यालाच बांधू. भार सोसेल ना?"

"सोसेल की," नाना म्हणाले. "माणसं पेलायला केलाय तो."

"आणि माझा बिछाना खाली घालायचा. भिंत काय ती दिवाळीनंतर पाडा."

नानांनी मान हलवली. करवत खुंटीला लावली, ती पडली, परत लावली. मग पाणी आणतो म्हणाले आणि मागल्या दारी गेले. माईंनी पिशवीतून जुनं पातळ काढलं, ते नेसून पदर खोचला आणि माझ्या शेजारी सारवायला बसल्या. विहिरीवरून रहाटाचा आवाज येत होता, थांबत होता, परत येत होता. निम्मं माजघर सारवून झालं तरी नाना आले नाहीत.

घागरी दोन्ही इथेच चुलीपाशी भरलेल्या होत्या. माईंनी त्या बघितल्या, आणि शेणाचा हात पुढे फिरवला.