हवालदारांची रेघ

सांगलीच्या ब्राह्मीताईंनी ते यंत्र पुढे केलं, तेव्हा गोठणवाडीच्या मानसिंग हवालदारांनी आधी दोन्ही हात पँटला पुसले आणि मगच ते घेतलं. यंत्र काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं होतं आणि सायकलच्या हँडलवर बसत होतं.

"काका, घरून निघताना हे बटण दाबायचं, कड्यावर पोचलात की परत दाबायचं. मधे कशाला हात लावायचा नाही," ब्राह्मीताई म्हणाल्या.

हवालदारांनी बावीस वर्षं सैन्यात गाड्या चालवल्या होत्या. हुकूम इतका सोपा असला की त्यांना बरं वाटायचं. यंत्र रस्ता मोजतं एवढं त्यांना कळलं. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाशी त्याला काही कर्तव्य असेल, हे काही त्यांच्या मनात आलं नाही.

ब्राह्मीताई दातांच्या डॉक्टर, पण जीव डोंगरी सायकलींत. त्यांचा अतिशय नावाचा भाऊ इंजिनियर, त्याचाही तिथंच. दोघांनी मिळून उंब्रजहून थेट समुद्रापर्यंत दोन दिवसांची सफर ठरवली होती. गोठणवाडीपर्यंत रस्ता होता, कोकणात उतरल्यावरही होता. मधली गोठणवाडी ते कड्यापर्यंतची नऊ किलोमीटर मात्र कुठल्याच नकाशात नव्हती. पूर्वी कोकणातून मीठ आणि सुकट ज्या वाटेनं डोक्यावरून वर यायचं, ती ही वाट. ती जमली तर सफर दरवर्षी इथून जाणार होती. ज्या गावात जनगणनेखेरीज कोणी मुद्दाम येत नाही, त्या गावाला वर्षाला चाळीस पाहुणे मिळणार होते.

ही वाट पुरती माहीत असलेली माणसं गावात दोनच उरली होती. एक हवालदार आणि दुसरे त्यांचे सख्खे थोरले भाऊ लालासाहेब. दोघांचं बोलणं अकरा वर्षं बंद होतं.

कारण म्हणाल तर कागदाचं. लालासाहेबांच्या दीपमालाच्या लग्नाची पत्रिका छापून आली. तिच्यात निमंत्रक म्हणून सगळी भावकी होती, गावचे आजीमाजी सरपंच होते, शिरवळला कारखान्यात असलेला कुणाचा तरी मेहुणासुद्धा होता. नव्हते ते फक्त मुलीचे सख्खे चुलते. चूक छापणाऱ्याचीच असणार, पण पत्रिकेत नाव नाही म्हणजे माणूस जगात नाही, ही आपल्याकडची रीत. हवालदार लग्नाला गेले नाहीत आणि लालासाहेब समजूत काढायला आले नाहीत. पुढे दोघांनी अकरा वर्षं आपापला मान सांभाळला. दुसरं काही सांभाळायला त्यामुळे वेळच मिळाला नाही.

यंदा दिवाळीच्या तोंडावर लालासाहेब गोठ्यात घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. कराडला ऑपरेशन होऊन ते घरी आले. त्या दिवसापासून हवालदार रोज सकाळी तोंडं नीट दिसायच्या आत सायकल काढत, वरच्या वस्तीवर भावाच्या फाटकापर्यंत जात, कडीला हात लावत आणि माघारी फिरत. ही गोष्ट त्यांना आणि त्यांच्या काळ्या सायकलीला सोडून कोणालाच ठाऊक नव्हती. कड्याची वाट त्यांना दादानंच दाखवली होती, सहा वर्षांच्या मानसिंगला खांद्यावर बसवून. त्या कड्यावरून स्वच्छ दिवशी लांब एक चकाकती रेघ दिसते. "त्यो समिंदर," असं दादा म्हणाला होता, आणि ते हवालदारांना अजून जसंच्या तसं ऐकू येई.

यंत्र घेऊन हवालदार निघाले तेव्हा त्यांच्या बायकोनं, विजयमालाबाईंनी, दारातूनच सांगितलं, "आवं, वाटंवरच दादांचं घर हाय. जरा डोकावून या."

"मी कामाव चाललोय," हवालदार म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

चार दिवसांनी ब्राह्मीताईंनी सांगलीत यंत्रानं टिपलेली वाटेची रेघ पडद्यावर बघितली. नऊ किलोमीटरची वाट चौदा झाली होती आणि तिला अशी काही वेटोळी पडली होती की त्यांना भरून आलं. हवालदारकाकांनी डोंगरातलं एकेक अवघड वळण शोधून काढलंय, असं त्यांनी अतिशयला सांगितलं. एकदा येऊन डोळ्यांनी बघायला हवं होतं, पण त्या आठवड्यात अर्ध्या सांगलीची दाढ दुखत होती. अतिशयनं ती रेघ चाळीसही जणांच्या यंत्रांत भरली आणि वर नियम केला, की रेघ सोडून जो दहा पावलं बाजूला जाईल त्याचं यंत्र ओरडेल आणि त्याला पदक मिळणार नाही.

सफरीच्या दिवशी चाळीस सायकली गोठणवाडीत आल्या. अतिशय सगळ्यांत पुढे होता. सगळ्यांत शेवटी, कोणी मागे राहू नये म्हणून, हँडलवर तसलंच यंत्र लावलेल्या काळ्या सायकलीवर हवालदार आणि त्यांच्या बरोबर ब्राह्मीताई. गाव दुतर्फा उभं होतं. मारुतीच्या देवळापाशी अतिशयनं सायकल अचानक उजवीकडे वळवली आणि तो देवळाला फेरी घालू लागला. मागचे एकोणचाळीस त्याच्या मागे. एक फेरी झाली, दुसरी झाली. पाचव्या फेरीला गुरवानं घंटा वाजवायला घेतली आणि म्हाताऱ्या बायांनी पदर सावरून हात जोडले. शहरातल्या पोरांत एवढी भक्ती कोणी बघितली नव्हती.

हवालदारांनी मात्र ब्रेक दाबला. त्या दिवशी निघताना आपण मारुतीला रोजच्यासारख्या पाच फेऱ्या घातल्या होत्या, हे त्यांना आठवलं.

"काका, ह्या फेऱ्या कशासाठी?" ब्राह्मीताईंनी विचारलं.

खरं सांगण्याची वेळ हीच होती. पण समोर सगळं गाव, गुरव घंटा बडवतोय, आणि आपण बावीस वर्षं नोकरी केलेला माणूस. "इधी हाय," हवालदार म्हणाले. "फेऱ्या घातल्याबगर घाटाला लागायचं न्हाई."

ब्राह्मीताईंनी हेल्मेटवरूनच हात जोडले, आणि काकांच्या वाटेतली एकही जागा चुकवायची नाही असं पुढच्यांना ओरडून सांगितलं. गावातली रिकामी माणसं, म्हणजे जवळजवळ सगळीच, ही मंडळी पुढे कुठं नमस्कार करतात ते बघायला सायकलींमागून चालू लागली.

पुढे चढ होता. तो चढून चाळीस जण वर गेले आणि वरून सगळे खाली आले. मग पुन्हा चढले. खाली हवालदारांची तंबाखूची डबी पडली होती, तिच्यासाठी ते त्या दिवशी माघारी आले होते. पण इथं त्यांना काही सांगावं लागलं नाही. पाय तापवण्यासाठी चढ दोनदा ठेवलाय, फार शास्त्रशुद्ध आखणी आहे, असं अतिशयनंच धापा टाकत सगळ्यांना समजावलं.

त्यानंतर कृष्णातचं कापणी झालेलं भाताचं खाचर लागलं. रेघ खाचरात शिरत होती, डावीकडे जात होती, उजवीकडे येत होती, एका जागी गोल फिरून बांधावर चढत होती. त्या दिवशी कृष्णातचं कुत्रं हवालदारांच्या मागे लागलं होतं. तेच कुत्रं आज बांधावर बसून बघत होतं. चाळीस माणसं मागे कोणी नसताना जिवाच्या आकांतानं पळताहेत, हे बघून ते भुंकायचंही विसरलं.

करवंदीच्या जाळीमागे सगळे एकेक करून गेले, क्षणभर थांबले आणि गंभीर चेहऱ्यानं बाहेर आले.

"इथं काय आहे, काका?"

"शांतता," हवालदार जमिनीकडे बघत म्हणाले.

ब्राह्मीताईही जाऊन आल्या. खरंच फार शांत वाटलं, असं त्या म्हणाल्या. हवालदारांना हसू यायला हवं होतं, पण त्यांच्या मनात आता एकच गोष्ट होती. जाळीनंतर वरची वस्ती. त्या दिवशी तिथं आपण काय काय केलं, ते त्यांना पावलापावलानं आठवत होतं. अकरा वर्षं झाकून ठेवलेलं हे चाळीस लोक सगळ्या गावादेखत उघडं करणार होते, आणि वाट दाखवली होती आपणच.

त्यांनी काळ्या सायकलीवर उभं राहून पायडल मारायला सुरुवात केली. "ताई, म्होरं जाऊ नका, वाट लय खचलीया," ते ओरडले.

"खचलेलीच आवडते आम्हाला," ब्राह्मीताई म्हणाल्या. पुढचे तर आणखीनच जोरात निघाले.

लालासाहेबांच्या फाटकाशी अतिशय थांबला. यंत्र बघून त्यानं सायकल वळवली आणि शेवग्याच्या झाडापर्यंत माघारी आला, आणि तिथून पुन्हा फाटकाशी गेला. त्याच्यामागे सगळे. जाणारे आणि येणारे एकमेकांत अडकले. मागून आलेलं गाव एकाएकी गप्प झालं, कारण हे फाटक कुणाचं आणि वाट कुणाची, हे गावाला सांगावं लागत नव्हतं.

सायकलींच्या घंटांच्या आवाजानं लालासाहेब वॉकर सरकवत सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, आले. तिसऱ्यांदा फाटकाशी येऊन उभ्या राहिलेल्या अतिशयला त्यांनी विचारलं, "पावनं, काय हरावलंय का?"

"नाही आजोबा, रस्ताच असा आहे. यायचं आणि मागं फिरायचं, तीन वेळा."

"कुणी सांगितला असला रस्ता?"

"मानसिंगकाकांनी. ते स्वतः असेच गेलेत, ही बघा त्यांची रेघ." अतिशयनं यंत्राचं ओरडणं बंद केलं आणि आत जाऊन ते त्यांच्या हातात दिलं. "पहिल्या दोन वेळा लगेच फिरलेत. तिसऱ्यांदा इथं कडीपाशी सात मिनिटं थांबलेत. ते का, तेवढं आम्हाला कळलं नाही."

लालासाहेबांनी यंत्र लांब धरून बघितलं. जवळ धरून बघितलं. चष्मा आत राहिला होता, पण त्यांनी तो मागितला नाही. फाटकाशी येणारी आणि परत जाणारी ती रेघ त्यांना दिसली असावी. मग त्यांनी यंत्र परत दिलं आणि गर्दीच्या पार मागे, शेवग्याच्या आडोशाला कोण आहे ते बघितलं.

"त्यो काळ्या सायकलीवाला," ते म्हणाले. "त्याला म्हणावं, सात मिन्टं भायेर हुबा ऱ्हायलास, आता आत ये."

गावानं वाट दिली. हवालदार सायकल हातात धरून आले. कडीला हात लावण्याची सवय होती, कडी काढण्याची नव्हती, म्हणून थोडी खटपट झाली. सोप्याच्या पायरीशी येऊन ते उभे राहिले. त्यांनी विचारलं, "दुखतंय का, दादा?"

"मोडल्यालं हाड हाय, दुखायचंच." लालासाहेब वॉकरवर रेलले. "मान्या, पत्रिकंत तुझं नाव न्हवतं ते मला छापून आल्याव दिसलं. म्या पेनानं लिवलं वर, सगळ्यात पयलं, आन घिऊन आलो हुतो तुझ्याकडं."

"कवा?"

"लग्नाच्या आदी दोनदा. लग्न झाल्याव बी एकदा. तुझ्या दारातल्या चिंचंपतूर यायचो आन माघारी फिरायचो."

"मला कुणी सांगितलं न्हाई, दादा."

"सांगणार कोण? तवा असलं यंत्र न्हवतं."

हवालदारांनी सायकल सोप्याच्या खांबाला टेकवली आणि खाली वाकून भावाच्या पायांना हात लावला. ऑपरेशनचा पाय कुठला ते माहीत नसल्यामुळे दोन्हींना जपून लावला. वर उठताना त्यांना डोळे पुसावे लागले आणि लालासाहेबांनी तेवढ्यापुरतं कौलांकडे बघितलं. फाटकाबाहेर विजयमालाबाई कुठल्याशा घरून चहाचं पातेलं घेऊन आल्याच होत्या. चाळीस कप कुठून आणायचे, यावर गावात एकदम वाद सुरू झाला. इतका वेळ गप्प राहणं गावाला जड गेलं होतं.

"चल, बस," लालासाहेब म्हणाले. हवालदार सोप्यावर त्यांच्या शेजारी बसले, आणि त्याच वेळी काळ्या सायकलीच्या हँडलवरचं यंत्र टूं टूं करून ओरडायला लागलं. थांबेचना.

"ते काय वराडतंय रं?"

"रस्ता चुकला म्हंतंय."

लालासाहेबांनी भावाच्या मांडीवर हात ठेवला. "वराडू दे," ते म्हणाले आणि फाटकाकडे बघून त्यांनी चहात साखर जास्त घालायला सांगितली.