चारशे बाराव्या ओळीची सही

जावा या संगणकभाषेतली कुठलीही ओळ तिच्या लेखी संमतीशिवाय जावास्क्रिप्टमध्ये नेता येत नाही, आणि खारवली जेट्टीच्या तिकीट प्रोग्रॅममधली चारशे बारावी ओळ काही केल्या सही करेना. बाकीच्या ओळींनी मुकाट्याने सह्या केल्या होत्या. हिने मात्र ठाण मांडलं. चारपर्यंत सही झाली नाही तर पुसून टाका, असा साहेबांचा हुकूम आला. देवयानी पेडणेकरचा जीव खालीवर होऊ लागला, कारण सोळा वर्षांपूर्वी ती ओळ तिनेच लिहिली होती.

ओळीचं काम ते केवढं! लाँच सुटली की पलीकडच्या बंदराला 'पोचली का?' म्हणून विचारायचं आणि उत्तर येईतो थांबायचं. ती थांबली की तिकीट खिडकीही थांबे. लोक पिशव्या खाली ठेवून निवांत गप्पा मारत.

"अगं, थांबू नकोस एवढंच म्हणतेय," देवयानी समजावू लागली. "विचारायचं, उत्तराचं प्रॉमिस घ्यायचं आणि पुढची तिकिटं द्यायची. उत्तर आपणहून येईल."

"म्हणजे माणसं पाण्यावर आणि मी खुशाल तिकिटं देऊ?" ओळ फणकारली. "बरं दिसतं का ते, ताई?"

"लेक गावाला निघाली की आपण काय म्हणतो? पोचलीस की फोन कर. मग स्वयंपाकाला लागतोच ना?"

ओळ जरा नरमली. "आणि फोन आलाच नाही तर?"

"त्यासाठी खाली वेगळी ओळ घातलीय. ती सगळी जेट्टी डोक्यावर घेईल."

"तिला नीट बजावलंय ना?"

"दोनदा."

पावणेचारला ओळीने सही केली.

चारची लाँच सुटली. ओळीने विचारलं, प्रॉमिस घेतलं आणि खिडकी चालूच राहिली. लोकांची काय तारांबळ उडाली! पिशवी टेकवायला म्हणून कुणाला सवड मिळेना.

चोवीस मिनिटांनी पलीकडून उत्तर आलं.

"पोचली बरं का, ताई," ओळ म्हणाली. "मधल्या वेळात एकवीस तिकिटं दिली मी."

 तेवढ्या वेळात देवयानी जागची हलली नव्हती. समोरच्या चहावर साय धरली होती.

"तुम्ही कशाला थांबलात?" ओळीने हळूच विचारलं.

"पहिल्यांदाच एकटीने करत होतीस ना," देवयानी म्हणाली, आणि तिने तो गार चहा पिऊन टाकला.