जुगारअड्ड्याची भिंत

तक्रार खिडकीवरच्या कारकुनाने रविवारी दुपारी अर्धवट झोपेत ‘हो’ म्हटलं, एवढीच त्याची चूक. मेहुणा काय विचारतोय ते नीट ऐकलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण सहा दिवस लोकांची गाऱ्हाणी ऐकून त्याचे कान सातव्या दिवशी संपावर जातात.

मेहुण्याला स्वतःच्या हिमतीवर (म्हणजे बहिणीच्या घरात) लघुपट काढायचा होता. विषय, तळघरात चोरून चालणारा पोकर. तळघर मिळेना, म्हणून भाऊजींचा दिवाणखाना. बायको माहेरी गेली होती आणि मंगळवारशिवाय येत नाही, ही मेहुण्याची पक्की खबर होती. कारकुनाने डोळे चोळेपर्यंत सोफा बाहेर गेला होता, पडदे ओढले होते आणि बायकोने सतरा छटा बघून निवडलेली फिकट पिवळी भिंत काळीकुट्ट झाली होती. पाण्याने जाईल, असं मेहुणा म्हणाला. कारकुनाने ओलं फडकं घासून पाहिलं. फडकं काळं झालं, भिंत होती तशीच राहिली.

वर मुख्य जुगारीही त्यालाच केलं. बावीस वर्षं खिडकीत बसून लोकांचे शिव्याशाप ऐकताना त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती, आणि पोकरला म्हणे असाच चेहरा लागतो. हातात चांगली पानं आहेत की नुसता कचरा, समोरच्याला कळता कामा नये. कारकुनाच्या हातात कचरा होता. मेहुण्याने जमवलेल्या दाढीवाल्या मित्रांपैकी समोरच्याने पुढ्यातले सगळे पैसे डावावर लावले, तरी हा आपला ढिम्म. मेहुणा खूश झाला.

तेवढ्यात दार उघडलं. दारात बायको, हातात बॅग.

बावीस वर्षांची कमाई एका क्षणात गेली. कारकुनाला दरदरून घाम फुटला, पानं हातातून गळाली. बायकोने भिंत पाहिली, दाढीवाले पाहिले, नवरा पाहिला. पापणीसुद्धा हलली नाही. बॅग ठेवून ती सरळ आत गेली.

“भाऊजी, उठा तुम्ही,” मेहुणा कुजबुजला. “खरी जुगारी आत्ता आली.”

मग तो बहिणीला आतून घेऊन आला आणि मुख्य भूमिका बायकोने केली, तीही पहिल्याच टेकमध्ये. कारकुनाला हरणाऱ्या माणसाचं काम मिळालं. पाठमोरं.

सोमवारी ती भिंतीबद्दल अवाक्षर बोलली नाही. मंगळवारीही नाही. कारकुनाला जेवण जाईना. खिडकीवर त्याने एका माणसाची तक्रार चक्क मनापासून ऐकली, इतका तो खचला होता. बुधवारी सकाळी चहा घेताना त्याचा धीर सुटला. ‘हो’ मीच म्हटलं, रंगही मीच काढून देतो, असं त्याने कबूल केलं. बोलण्याच्या ओघात मागे बाथरूममधला आरसा प्लंबरने नव्हे, आपणच फोडला हेही सांगितलं. सासूबाईंनी विणलेला स्वेटर हरवला नसून ऑफिसातल्या शिपायाला देऊन टाकला, तेही सांगून मोकळा झाला. फार हलकं वाटलं त्याला.

बायकोने सावकाश चहा संपवला.

“भिंतीचं मी कुठे काय म्हटलं? मला आवडलाय तो रंग,” ती म्हणाली. “आरशाचं माहीत होतं. स्वेटरचं मात्र आत्ता कळलं.”