मान सोडून सगळी जमीन

शेजारच्या तात्या देसायांनी मला फसवलं. त्यांच्या घरापुढचा माडांचा तुकडा मला विकला आणि त्यातला मान स्वतःकडे ठेवून घेतला.

मसुऱ्याच्या बाजारात कोणी सहज 'देसाई' अशी हाक मारली की हा माणूस काठी टेकून थांबतो. "आडनाव न्हय ता, हुद्दो! देस म्हणजे परगणो. परगण्याचो सारो गोळा करून राजाक पोचवणारो, तो देसाई. बापामागसून झील!" राजे गेले, सारा गेला, शब्द तेवढा उरला, तो तात्या इस्त्रीच्या सदऱ्यासारखा घालून फिरतात. मासेवाली म्हणते, "देसायांनू, बांगडे घेतास की परगणो इकतास?" तरी दुसऱ्या दिवशी तिलाही सगळं पहिल्यापासून ऐकवतात.

मी काजूच्या धंद्यात शून्यातून वर आलो. शिमग्यात देवाची पालखी पहिली त्या तुकड्यावर थांबते आणि पहिला नारळ तिथल्या मालकाचा, हे मी हेरून ठेवलं होतं. म्हणून तर भाव ताणला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच!

पालखी आली. मी नवं धोतर नेसून, नारळ घेऊन उभा. तेवढ्यात तात्या कुंपणातून आले आणि माझ्याच जागेत माझ्यापुढे उभे राहिले.

"तात्यानू, जागा माझी आसा!"

"जागा तुझीच रे बाबी. मान घराण्याचो, जमिनीचो न्हय. तो जमिनीवांगडा जाता, तर आमी कधीच इकून खाल्लो असतो."

पालखीवाले हसले. गुरवाने त्यांचाच नारळ घेतला. माझं डोकं फिरलं. नारळ ज्याचा, देवापुढे मागणं मागायचं गाऱ्हाणंही त्याचंच; ते संपलं की यांना बघतोच, असं ठरवून मी दात आवळले. घराण्यात यांच्यामागे कोणी नाही. देवाकडे मागून मागणार काय? परगणा?

तात्यांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्यो बाबी सकाळपासून बोंबलता. गड्यांर, बायलेर, कावळ्यांर. माझ्या घरात दुसऱ्या माणसाचो आवाज नाय. ह्येचो आवाज असोच ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव ओरडला.

मी माझा नारळ तसाच घेऊन घरी आलो. आता गड्याला शिवी घालायची तरी कुंपणापलीकडे कोणी ऐकतंय, हे आधी मनात येतं. भर पालखीपुढे, मला न विचारता, माझ्यासाठी देवाला साकडं घालायचं, हे कुठल्या सनदेत लिहिलंय? याचा जाब तात्यांनी द्यावा. माझ्या ओटीवर येऊन, पानावर बसून द्यावा.