सिद्धप्पा टपालवाल्याच्या बलुत्याची मोहीम

श्री बिरोबा प्रसन्न. शके अठराशे एकोणपन्नास, प्रभवनाम संवत्सर, फाल्गुन मास, कसबे सोलापूर येथे गिरणीच्या पिछाडीस बारा खोल्यांची चाळ आहे, तेथे शिमग्याच्या पोस्तीवरून, म्हणजे सणाच्या बक्षिसीवरून, जो संग्राम जाला त्याची हकिकत ऐसीजे. राज्ये बुडाली, बुरूज ढासळले, त्यांच्या बखरी उदंड जाल्या. परंतु दारी हात पुढे करोन उभा राहिला त्याच्या हातावर काय ठेवावे आणि किती ठेवावे, या एका पेचात भलीभली घराणी घामाघूम जाली, हे कोणी लिहिले नाही. लिहिणारांनी पोस्त कमी दिली असेल, म्हणोन गप बसले. येथे सर्व लिहिले आहे.

मोहोळप्रांती चौदा बिघे जिराईतीच्या धनीण, कैलासवासी धुळोजींचे कुटुंब, गोजाबाईसाहेब, उमर साठ, पतीमागे लेकाच्या बिऱ्हाडी सोलापुरास येऊन राहिल्या. लेक आप्पा गिरणीत सुताच्या खात्यात चाकरीस. सून सोनाबाई, कामास वाघ, बोलण्यास मुकी. आणि शेत गावी धाकटे दीर रावजी पाहात. बाईंची शाळा दीड महिना जाली होती. त्यात ‘फ’ आणि ‘मा’ ही दोन अक्षरे फत्ते करोन, बाकीची मास्तराच्या तोंडावर फेकोन बाई घरी आल्या, त्या पुन्हा गेल्या नाहीत. ‘फ’ दिसला की पत्र फुलाबाईचे, इतके त्यांस कळे.

फुलाबाई ही बाईंची धाकटी लेक, अकलकोटाकडे दिली. चाळीत बाईंचे सांगणे ऐसे की लेक सासरी राणीसारखी नांदते. पत्रांत मात्र निराळे असे. सासूने गुळाचा डबा कुलपात घातला असोन किल्ली कमरेस लावोन निजते, हे वर्तमान दर पत्री पहिल्या ओळीस येई. ही पत्रे सिद्धप्पा टपालवाला उंबऱ्याआड बसोन हलक्या आवाजात वाची आणि उठोन गेला म्हणजे त्याच्या तोंडास कुलूप, ते सासूच्या डब्यापेक्षा भक्कम. दोन सालांत एक शब्द बाहेर फुटला नाही. समोरच्या खोलीत नागम्मा राहे, मागवाल्याची बायको, तेलुगु मुलखाची, कान ससाण्याचे. तीसही काही लागले नाही, यावरोन सिद्धप्पाची इमानदारी समजावी.

ऐशास होळी जाली, आणि दुसरे दिवशी सिद्धप्पा खाकी डगला झटकोन, बुटांस तेल लावोन पोस्त मागावयास चाळीत दाखल जाला. नागम्माने अंगणाच्या मध्यभागी येऊन, सर्वांस खणखणाट ऐकू जावा ऐशा बेताने, आठ आणे त्याच्या हातावर टाकिले आणि मग बाईंच्या दाराकडे पाहिले.

बाईंनी सिद्धप्पास पाणी देवविले, दार लोटोन घेतले आणि आत मसलत बसली. आप्पा म्हणे दोन आणे द्यावे. बाई म्हणाल्या, मग समोरचीच्या आठापुढे नाक कापोन खुंटीस टांगावे. आप्पा म्हणे आठ द्यावे. तर म्हणाल्या, ती नक्कल होते, माकडे करितात. बारा द्यावे, तर पुढल्या साली रुपया, त्यापुढे बैल मागेल. शिवाय ज्याच्या पोटात आपल्या घरची लाज आहे, त्याच्या हातावर चिल्लर ठेविली म्हणजे त्या लाजेचा भाव ठरला. आणि भाव ठरला की जास्त देणारा कोणी तरी निघतोच. अखेर बाईंनी पदर खोचिला, दार उघडिले आणि हुकूम सोडिला.

“पैसा भिकाऱ्याला देत्यात, न्हाईतर वाण्याला. तू दोन्ही न्हवंस. न्हावी डोई करतो, सुतार नांगर करतो, तू आमची पत्रं वाचतोस. तवा तू आमचा बलुतेदार. खळ्यावर ये आन माप घेऊन जा.”

सिद्धप्पाने टोपी काढिली, डोके खाजविले आणि अर्ज केला तो येणेप्रमाणे: “बाई, खळं तुमचं मोहोळाकडं. जायला पाच आणे, यायला पाच आणे. ज्वारी मिळंल चार आण्याची. त्यापरीस ‘देत न्हाई’ म्हना की, मी काय रडतोय व्हय.”

चाळ हासली. नागम्मा सर्वांहून जास्त हासली. तिने विचारिले, “पोष्टमनला ज्वारी देतंय म्हणे. उद्या रेल्वेला कडबा घालतंय काय?”

सिद्धप्पा मुजरा करोन निघोन गेला, आणि त्याच दिवसापासोन वेढा पडला.

तिसरे दिवशी पत्र आले. वरती ‘फ’ होता. बाईंनी पाट मांडिला, परंतु सिद्धप्पाने पत्र उंबऱ्यावर ठेविले, अंगुळभर आतही नाही, आणि सांगितले की टपालखात्याचे काम पत्र पोचवावयाचे. वाचावयाचे कलम नाही. मग निघोन गेला. त्याचे बूट अंगणभर वाजले.

आता येथे प्रसंग काय होता तो ध्यानी घ्यावा. फुलाबाईस दिवस गेले होते, पहिलटकरीण, आठवा सरत आला होता. सासू माहेरी पाठवीना. मागील पत्री मजकूर ऐसा की जावई आईस वळवितो आहे, वळली तर कोणत्या वारी, कोणत्या गाडीने येते ते लिहीन, ठेसनावर यावे. तो वार आता त्या पत्रात होता आणि पत्र बाईंच्या उशाखाली होते. बाईंनी ते उलटे धरोन पाहिले, सुलटे धरोन पाहिले, दिव्यासमोर धरिले. कोपरा फाटका नव्हता, म्हणजे कोणी मेले नाही. कुंकवाचे बोट नव्हते, म्हणजे बाळंतही जाली नाही. बाकी मुंग्यांची रांग. पोर उद्या उतरते की आठ दिवसांनी, की येतच नाही, हे त्या रांगेत लिहिलेले असोन बाईंस लागेना.

आप्पाने सुचविले की नागम्माचा भाऊ सातवी पास आहे, त्याजकडोन वाचवावे. बाईंनी नुसते पाहिले. आप्पा भाकरी टाकोन गिरणीत गेला, पाळी नसता गेला.

त्या रात्री बाई निजल्या नाहीत, आणि पहाटे उठोन जी मसलत लढविली तीस तोड नाही. दिलेला शब्द मोडणे नाही. पैसा देणे नाही. बलुते तर खळ्यावरच, रास घरात जाण्याआधी द्यावे लागते, घरातोन दिले तर ती भीक होते, हा वाडवडिलांचा दस्तूर. मग सिद्धप्पा खळ्यास जात नाही तर खळे सिद्धप्पाकडे आणावे. म्हणोन पहाटेच्याच गाडीने आप्पास रजा घेववोन मोहोळास पिटाळिले, आणि रावजींस निरोप की जोंधळ्याची कणसे आहेत तैशी गाडीत भरोन, तिवडा, म्हणजे खळ्याचा मधला खांब, आणि मापासुद्धा, बैल हाकीत रातोरात सोलापुरास यावे. कारण विचारू नये.

शनिवारी दोन प्रहरी गाडी चाळीच्या तोंडास आली आणि दुसरा मोर्चा उघडला. इतवार हा नागम्माच्या घरचा ताणा, म्हणजे मागाचे उभे सूत, पसरावयाचा दिवस. अंगण या भिंतीपासोन त्या भिंतीपर्यंत तिच्या सुताचे. तिने खुंट्या ठोकोन ठेविल्या होत्या. बाईंनी तिवडा आणोन त्या खुंट्यांच्या मध्ये उभा केला. दोन्ही सेनापती कमरेस हात लावोन समोरासमोर ठाकल्या, बैल मध्ये रवंथ करीत राहिले. बोलणी दीड तास चालली. त्यात कैलासवासी धुळोजींची विडी आणि नागम्माच्या सासऱ्याची ताडी या दोन्ही निघाल्या. अखेर तह जाला, त्याची कलमे: ताणा सोमवारी पसरावा, भुसकट नागम्माच्या दाराकडे उडू नये, नागम्मास दोन मापे, आणि चौथे कलम, तिने सहज सांगितल्यागत सांगितले, की पत्र खळ्यावर, सर्वांदेखत, मोठ्याने वाचावे.

बाईंचे तोंड पांढरे पडले. गुळाचा डबा, कुलूप, किल्ली, राणीची राणी, सर्व चाळीच्या चुलीवर शिजावयाचे होते. बाईंनी एकदा बैलांकडे पाहिले, एकदा उघड्या दारातोन आतल्या उशीकडे. मग म्हणाल्या, “व्हय. वाचू दे.” साठ वर्षांत बाईंनी ऐसा गड कोणास दिला नव्हता.

मग आप्पा वकील होऊन सिद्धप्पाच्या घरी गेला, आणि परत आला तो म्हणे की येतो म्हणाला नाही, येत नाही ऐसेही म्हणाला नाही. फक्त विचारिले, माप कोणते, शेराचे की अधोलीचे? हे ऐकोन बाईंनी तोंडात मिसरी धरिली आणि पहिल्यांदा हासल्या. अधोलीचा, म्हणजे खळ्यावरील अर्ध्या पायलीच्या मापाचा, सवाल बलुतेदाराच्या पोटीच उपजतो. सिद्धप्पाचा बाप गावी सुतार असणार, आणि बाप माप घेऊन घरी आला म्हणजे पोरे कैशी धावतात हे याने पाहिले असणार.

इतवारी पहाटे पात धरिली, मळणीचे बैल तिवड्याभोवती फिरू लागले. रावजी बैलांमागे, सोनाबाई शेण धरावयास, आप्पा कणसे लोटावयास. गिरणीचा भोंगा आणि बैलांचे घुंगरू, दोन्ही आवाज त्या चाळीत प्रथमच एकत्र जाले. सूर्य वर आला तैसा वारा सुटला, उफणणी जाली आणि तिवड्याच्या बुडाशी रास पडली, मोत्यांचा ढीग जैसा. सर्व गप जाले. राशीपाशी बोलत नाहीत.

तेव्हा सिद्धप्पा आला. डगला नव्हता, धोतर होते, काखेत धुवट फडके. खळ्याच्या कडेस थांबोन त्याने सरकारी बूट काढिले आणि मगच आत पाऊल टाकिले. बाईंनी स्वहस्ते माप भरिले, वर दाण्यांची शीग लाविली, पहिले माप ओतिताना ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणाल्या, मग दोन, मग तीन. त्याने उपकार म्हटले नाहीत, बाईंनी अपेक्षिले नाहीत. हक्काचे देणे ऐसेच दिले जाते. नागम्माचे आठ आणे त्या क्षणी कोणत्या खिशात होते, हे कोणास आठवले नाही.

परंतु दगा राहिला होता तो आता कळला. नागम्माने वार्ता गावभर फोडिली होती. बघता बघता अंगणाच्या तोंडाशी रांग लागली: दिवाबत्तीवाला, पाणक्या, न्हावी, झाडूवाली, आणि नाक्यावरचा कुंडलिक टांगेवाला, जो दर खेपेस भाड्यावर चहापाणी मागे. पाणक्या पखाल उतरोन म्हणाला, “हमारा बी हक हय ना, दादीमा?” खळ्यावर आल्या माणसास फिरवीत नाहीत, फिरविले तर रास रुसते. बाईंनी दात आवळिले आणि माप चालविले. रावजी डोळ्यांनी काकुळतीस आले. रास कमरेएवढी होती ती गुडघ्यास आली, मग घोट्यास.

मग पत्र निघाले. नागम्मा पाट घेऊन पुढे बसली. सिद्धप्पाने चष्मा लाविला, पहिल्या ओळीवर नजर ठेविली, खाकरला, एकवार चष्म्यावरोन बाईंकडे पाहिले आणि खड्या आवाजात वाचिले: “सासूबाई लई माया करत्यात. गुळाची आख्खी ढेप माझ्या हवाली केलीया.”

बाई जागच्या जागी थिजल्या. गूळ ऐकला आणि काय लिहिले होते ते समजल्या, आणि काय वाचिले गेले तेही समजल्या. नागम्मा “अय्यो, नशीब लागतंय,” म्हणाली. सिद्धप्पा पापणी न हलविता पुढे गेला, आणि पुढचे मात्र अक्षरशः वाचिले, हे त्याच्या बदललेल्या आवाजावरोन कळले: “इतवारी दुपारच्या गाडीनं निघते. संगट कुनी न्हाई. आई, ठेसनावर ये.”

चाळीत कोणी तरी विचारिले, आज वार कोणता. सर्वांस ठाऊक होता.

गाडीस अर्धा तास होता आणि ठेसन लांब. बैल दमलेले. बाई अनवाणी अंगणात उभ्या, हातात रिकामे माप. तेव्हा कुंडलिकाने आपले जोंधळ्याचे फडके गाठ मारोन टांग्यात टाकिले आणि म्हणाला, “बसा की आजी. भाडं कशाचं आता, माप घेतलंय न्हवं.” त्या दिवशी तो टांगा ज्या वेगाने गेला त्याची दखल दोन कोंबड्यांनी घेतली.

गाडी फलाटास लागत होती. फुलाबाई उतरली, पोट पुढे, ट्रंक मागे, चेहरा रडवेला; आईस पाहोन ट्रंक तशीच सोडली. हमालाने ट्रंक उचलोन टांग्यात आणोन ठेविली आणि कुंडलिकाशी दोन शब्द बोलोन बाईंपुढे उभा राहिला. म्हणाला, “आजी, तुमच्या चाळीत खळं झालं म्हनं. मलाबी माप.”

बाईंनी हिशेब मनी केला. राशीत राहिली होती अडीच मापे, ती बाळंतिणीची.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाली. लेक घरी आली, शब्द राहिला, घरची लाज झाकली गेली, नागम्माने सोमवारी ताणा पसरण्याआधी आपल्या घरची गुळाची भेली ‘पोरीला’ म्हणोन आणोन ठेविली, आणि सिद्धप्पा आजही उंबऱ्याआड बसोन पत्रे वाचितो. ठेसनावर बाईंनी पदराची गाठ सोडोन हमालाच्या हातावर दोन आणे रोख ठेविले, आणि हे कलम बखरीत येता उपयोगी नाही ऐसी सक्त ताकीद केली. सबब शेवटी लिहिले.