दखलवाले अण्णा

आमच्या शेजारचे अण्णा सोनकांबळे कॉम्प्युटरला उत्तर देतात. मनातल्या मनात नाही, चांगलं मोठ्यानं. पडद्यावर तांबडी पाटी आली आणि आतून भोंगा वाजला, की अण्णा उभे राहतात, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतात आणि म्हणतात, "हाव, हाव, आलो. बोला." मग पाटीवर सगळ्यात मोठं, चकाकणारं जे बटण असेल ते दाबतात. एवढ्यावर भागत नाही. खोल्यांमध्ये अभ्यास करणाऱ्या पोरींना हाक जाते, "चला गं, भाईर! हे धोका म्हणायलंय!" पोरी पुस्तकं छातीशी धरून अंगणात येतात. भिंतीपलीकडे मी कणीक मळत असते, तिथे माझाही जीव उगीच वरखाली होतो.

नोकरीभर अण्णा एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर होते. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा आणि तो ज्याचा त्याच्याकडे पोचवायचा, हे काम. "आलेला कागद दाबून ठेवायचा न्हाई. दखल घेतली पाहिजे," असं ते सांगतात. निवृत्त झाले, टेबल कचेरीतच राहिलं, पण आवक थांबली नाही. कुत्रं भुंकलं की काठी घेऊन घराला फेरी मारतात. मोबाइलवर कंपनीची मुलगी रेकॉर्ड केलेल्या आवाजात बोलायला लागली, की तिचं शेवटपर्यंत ऐकून घेतात आणि "बरं माय, कळवतो," म्हणून फोन ठेवतात. गल्लीत त्यांना दखलवाले अण्णा म्हणतात. ते त्यांना ठाऊक आहे आणि आवडतंही.

पाट्यांपैकी मात्र दखल फक्त धोक्याच्या पाटीची. कॉम्प्युटरवर दुसऱ्याही पाट्या येतात. तुम्ही मोटारगाडी जिंकलात, तुम्हाला फुकट फोन मिळाला, तुमचे केस पुन्हा उगवतील. त्यांच्याकडे अण्णा बघतही नाहीत. "बक्षीस कुणाला घावलंय आजवर? धोका मातर समद्यांला घावतो."

आणखी एक खोड. अण्णा कुणालाही 'बसा' म्हणत नाहीत. माझ्या सासूबाई पहिल्यांदा त्यांच्याकडे गेल्या तेव्हा उभ्यानं चहा पिऊन परत आल्या आणि महिनाभर धुसफुसत होत्या. खुर्च्या आहेत, बाज आहे, सतरंजी आहे. पण आलेल्याला अण्णा म्हणणार, "या, या. घ्या चहा." आपण आपले उभे. ज्याला बसायचं तो आपल्या जबाबदारीवर बसतो. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्याला असतो. एकट्या माणसाला रीतभात कोण शिकवणार, असं म्हणून आम्ही ते सोडून दिलं होतं.

आमची ही गल्ली लातुरातल्या क्लासेसच्या भागात. गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला इथे यायला लागली, तशी गल्लीतली घरं उंच व्हायला लागली. ज्याच्या घरात दोन खोल्या होत्या त्यानं तीन मजले चढवले आणि वर हॉस्टेलची पाटी लावली. आम्हीही एक मजला चढवला, खोटं कशाला बोलू. अण्णांचे मात्र पत्रे तसेच. भूकंपानंतर त्यांनी डोक्यावर स्लॅब घेतला नाही आणि घेणारही नाहीत. अंगणाच्या कडेला ओळीनं पत्र्याच्या खोल्या, त्यात चार पोरी, आणि अंगणात अण्णांची बाज. बारा महिने ते उघड्यावर झोपतात. पाऊस आला तर बाज ओसरीच्या कडेला सरकते, पण दाराच्या आत जात नाही. उन्हाळ्यात पोरींचे पत्रे तापतात म्हणून त्यावर पोती अंथरतात आणि स्वतःच्या आंघोळीचं पाणी साठवून ती भिजवतात. आमच्याकडे पाण्याची काय बोंब असते ते जगाला माहीत आहे, त्यामुळे अण्णांची आंघोळ कशी होत असेल याचा विचार मी करत नाही.

कॉम्प्युटरही पोरींसाठीच आणला. एक नेट कॅफे बंद पडला, तिथून हे जुनं धूड उचललं. क्लासची लेक्चरं त्यावर पुन्हा बघता येतात म्हणून पोरी खूश होत्या. पण अण्णांनी धोक्याच्या प्रत्येक पाटीची दखल घेतली आणि प्रत्येक दखलीतून एक नवीन पाहुणा आत आला. पडद्याचा वरचा अर्धा भाग निरनिराळ्या पट्ट्यांनी भरला. साफसफाई करून देतो म्हणणारी तीन सॉफ्टवेअरं आली आणि ती तिघं एकमेकांकडे बोट दाखवून धोका, धोका म्हणून ओरडायला लागली. लेक्चर चालू केलं की मास्तर दिसायच्या आधी केसांचं तेल दिसायचं.

यात सगळ्यात जास्त भरडली गेली ती सीमा. किनवटकडच्या इस्लापूरची पोर, अबोल, मान खाली घालून वाचत बसणारी. परीक्षा तोंडावर आली होती आणि क्लासच्या चाचण्यांत तिचे मार्क घसरत चालले होते. वडिलांनी फोनवर विचारलं, तेव्हा तिनं खरं ते सांगितलं. "अभ्यास होऊन नाही राहिला बाबा. बसलं की उठवतात." वडील म्हणाले, रविवारी येतो, समोरच्या हॉस्टेलात तिसऱ्या मजल्यावर जागा आहे, सामान हलवू.

तिसरा मजला म्हटल्यावर अण्णा तडक माझ्याकडे आले. मी एका क्लासमध्ये प्रश्नपत्रिका टाइप करते, म्हणून गल्लीच्या लेखी मी कॉम्प्युटरमधली तज्ज्ञ.

"शोभा माय, पोरगी तिसऱ्या मजल्यावर चालली. काही तरी कर. दुकानवाला म्हणायलाय, नवीन घ्या. दुसरा म्हणायलाय, समदं पुसून नव्यानं भरू, वरून व्हायरसवरचं पैशाचं औषध टाकू. आपल्याला फुकटात पायजे."

"फुकटात होतं अण्णा. पण मी सांगेन तसं वागायचं."

"हाव," म्हणाले. तेवढा एक शब्द त्यांनी विचार न करता दिला.

मी त्यांच्या कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढून बसले, आपल्या जबाबदारीवर. अण्णा मागे उभे. काम अवघड नसतं, किचकट असतं. कंट्रोल पॅनल उघडायचं, आत काय काय भरलंय त्याची यादी तारखेप्रमाणे लावायची आणि अलीकडे न विचारता घुसलेलं एकेक काढून टाकायचं. मी पहिल्या साफसफाईवाल्याला काढायला घेतलं, तर त्यानं विचारलं, नक्की काढायचं का?

"बघ," अण्णा मागून म्हणाले, "त्याला बी शंका हाय."

"त्याला शंका नाही अण्णा, त्याला जायचं नाही."

"पण त्याला न विचारता कसं काढायलीस?"

"तो तुम्हाला विचारून आला होता का?"

"आल्ता की. मीच हो म्हणलो."

मी डोक्याला हात लावला आणि पुढे चालू ठेवलं. तिघेही गेले. मग ब्राउझरमध्ये चिकटलेल्या पट्ट्या काढल्या. कोणकोणत्या साइटना पाट्या पाठवायची परवानगी अण्णांनी दिली होती ती बघितली, तर लांबलचक रांग. सगळ्यांची परवानगी रद्द केली. अण्णा मागे येरझारा घालत होते. त्यांच्या चपलांच्या आवाजानं मला दोनदा चुकीच्या जागी क्लिक झालं आणि मी दोनदा खेकसले. शेवटी जाहिराती अडवणारं एक फुकटातलं साधन बसवलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. स्वच्छ, गप्प पडदा. घरी दूध उतू जाईल म्हणून मी बघायला गेले, ती लगेच परत आले.

पडद्यावर पुन्हा तांबडी पाटी. पट्ट्या परत. साफसफाईवाला परत, या वेळी दुसऱ्याच नावानं. जाहिराती अडवणारं साधन गायब.

"अण्णा! काय केलंत?"

"मी काही केलं न्हाई. लेक्चर लागतंय का बघायला गेलो, तर ते म्हणलं, धोका हाय. तुमचं अडवणारं बंद करा म्हणलं. म्हणून हो म्हणलो."

माझा तोल गेला. दुपारभराची मेहनत पाण्यात, रविवार उद्यावर, आणि हा माणूस शांतपणे 'हो म्हणलो' म्हणतोय. मी ओरडले, "अण्णा, खोटं आहे हे सगळं! काही धोका-बिका नाही! रोजचंच आहे! आलं की बंद करायचं आणि गप बसायचं!"

अण्णा थांबले. चपलांचा आवाज थांबला. मला वाटलं चिडले. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि हातातच ठेवला.

"असंच म्हणल्तो मी बी," ते म्हणाले.

"कुणाला?"

"धाकल्या बहिणीला. किल्लारीकडं दिल्ती. वरीसभर जमीन गुरगुरायली हुती तिकडं. पैल्यांदा गुरगुरली तवा समदं गाव रानात झोपलं. मग रोजचंच झालं, कोण रोज रानात झोपंल? गणपतीच्या आधी भेटायला गेल्तो. जेवायला बसलो आन् फळीवरची भांडी वाजली. ती ताट सोडून उठली, लेकरू काखंत घेतलं. मी तिचा हात धरला. म्हणलं, बस गं. रोजचंच हाय. गप जेव." त्यांनी हातातला चष्मा उलटसुलट केला. "बसली की. लई ऐकायची माझं."

मी माउसवरचा हात काढून घेतला.

"विसर्जनाच्या रातीला आला भूकंप. तवा उठली असंल का न्हाई, कुणाला म्हाईत? मला वाटतं, न्हाई उठली. मीच शिकवल्तं तिला, बसायचं."

इतक्या वर्षांत उभ्यानं घेतलेले सगळे चहा मला तेव्हा आठवले. सासूबाईंची धुसफूसही आठवली. मला फार वाईट वाटलं, आणि मी काही तरी काम करायचं म्हणून पुन्हा कंट्रोल पॅनल उघडलं. एकेक काढत गेले. या वेळी खेकसले नाही. सगळं स्वच्छ झाल्यावर अण्णांकडे वळून म्हणाले, "दखल घ्यायची, अण्णा. सोडायची नाही. पण बटण दाबायचं नाही. भिंतीवरून मला हाक मारायची. मी येऊन बघते, खरा धोका की खोटा."

"रोज येशील?"

"रोज."

"तू लई तापट बाई हायस."

"तापट आहे म्हणूनच पळत येईन."

त्यांनी मान हलवली. विश्वास बसला असं चेहऱ्यावर दिसत नव्हतं. "पोरींला उगं भाईर काढणार न्हाई," एवढं मात्र स्वतःहून म्हणाले.

रविवारी सीमाचे वडील आले. खांद्यावर पोतं, हातातल्या पिशवीत सामान बांधायला सुतळी. अण्णांनी चहा दिला. वडील उभे, अण्णा उभे, मी आमच्या मधल्या ठेंगण्या भिंतीपाशी उभी. आत सीमानं लेक्चर लावलं होतं. आम्ही तिघंही त्या कॉम्प्युटरकडे कान लावून होतो, पण तो बिचारा शहाण्यासारखा फक्त जीवशास्त्र शिकवत होता. केसांचं तेल नाही, भोंगा नाही. वडील जरा सैल झालेले दिसले.

तेवढ्यात गल्लीतून पाण्याचा टँकर गेला. भरलेला. जमिनीला हादरा बसला आणि खोल्यांचे पत्रे खडखडले.

अण्णांच्या बशीतला चहा हातावर सांडला. तोंड उघडलं, हाक घशापर्यंत आली आणि तिथेच अडली. त्यांनी सीमाच्या वडिलांकडे बघितलं, मग दाराकडे. हाक मारावी तर पोरगी तिसऱ्या मजल्यावर जाते, न मारावी तर... मी म्हणणार होते, अण्णा, टँकर होता, काही नाही. पण बहिणीलाही अण्णा असंच म्हणाले होते.

आत मास्तरांचा आवाज बंद झाला. सीमा बाहेर आली. अनवाणी, पुस्तक छातीशी.

"टँकर होता अण्णा," ती म्हणाली, "ठाऊक आहे मले. पण पत्रा वाजला, तर आली."

अण्णांच्या बहिणीची गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती. मी तर नाहीच.

वडिलांनी पोरीकडे बघितलं, मग अण्णांच्या ओल्या हाताकडे. मान वर करून समोरच्या हॉस्टेलचा तिसरा मजला नीट न्याहाळला. "जमीन हालली तर तिथून ही एवढ्या लवकर खाली नाही येऊ शकत," ते म्हणाले, आणि सुतळी पिशवीत खाली दाबून ठेवली. "राहू द्या इथंच."

अण्णा बाजेपाशी गेले, वरची चादर झटकली, सारखी केली. मग सीमाला म्हणाले, "बस, माय. हितं मोकळं हाय."

सीमा बसली. तिच्या शेजारी तिचे वडील बसले. मीही भिंत ओलांडून आले आणि कडेला टेकले. अण्णा मात्र पत्र्यांवर नजर ठेवून उभेच राहिले.